टाकीखालचा कॉलम

५ फेब्रुवारी

चि. बंधू,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी माझं अक्षर दिसलं की तुला आधी तेच वाटणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. फोन करणार होते. पण तू उचलला असतास, मग दोघंही गप्प बसलो असतो आणि ते मला झेपलं नसतं.

एक माहिती हवी आहे. आमच्या विभागात माझ्याच वयाच्या एक बाई शिकवतात. हल्ली त्यांचं काहीतरी बिनसलंय. बोलणं चोख, नावंगावं सगळी पाठ, पण कुठेतरी गडबडतात. त्यांचं बघून मला आईची आठवण आली. शेवटची वर्षं तू आईजवळ होतास. मी इथे सकाळी वर्ग आणि दुपारी ऑफिस करत होते. तर आईचं सुरू नेमकं कशानं झालं? नावं विसरण्याच्या आधी काही होतं का? मला फक्त स्वेटरचं आठवतंय. तिला बाहीचं तोंड सापडेना आणि आपण दोघं हसलो होतो. त्याच्याही आधीचं काही आठवत असेल तर कळव, म्हणजे त्या बाईंना सांगता येईल.

माझं छान चाललंय. आर्किटेक्ट म्हणून निवृत्तीच्या आधीचं शेवटचं काम हातात आहे, विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहाचं. तीन मजले, मधे चौक, तळमजल्यावर जेवणाचा मोठा हॉल. गंमत म्हणजे साइट इंजिनिअर माझा विद्यार्थी, सळयांचा हिशेब करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर माझा विद्यार्थी आणि विभागप्रमुख म्हणून माझ्या डोक्यावर बसवलाय तोही माझाच विद्यार्थी. एका वर्षासाठी कुणाच्या तरी बदली म्हणून शिकवायला गेले होते, आणि अजून तिथेच आहे. आता या गावात खडूनं रेघ मारणारा प्रत्येक माणूस मला मॅडम म्हणतो. माझ्यापुढे कुणी ब्र काढत नाही. तू एकटाच काढायचास, म्हणून तर फाटलं आपलं. माझ्या ज्या जिन्याच्या नकाशावरून तू भांडलास, त्या जिन्यात आजतागायत एकाचंही डोकं आपटलेलं नाही, हे जाता जाता सांगते.

उत्तर लवकर पाठव. त्या बाई घाईत आहेत.

ताई

१८ फेब्रुवारी

बंधू,

तुझं पत्र मिळालं. पानभर लिहिलंस, मला वाटलं होतं दोन ओळी येतील.

दाराचं मला माहीतच नव्हतं. आई दार उघडताना बिजागरीच्या बाजूला ढकलत उभी राहायची आणि म्हणायची, दार फुगलंय, सुताराला बोलाव. तू खरंच सुताराला बोलावलंस आणि त्यानं दार तासूनही दिलं! हे वाचून मी आधी हसले. मग उठून घरातली सगळी दारं एकेकदा उघडून बघितली. उघडली, सगळी उघडली.

आणि शेवटी तू विचारलंस, "ताई, त्या बाई तूच ना?"

या प्रश्नाचा मला राग आला. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच. इतक्या वर्षांनी बोलायला सुरुवात केली आणि लगेच माझ्या मुस्काटात! तुझी ही सवय जुनीच आहे.

बरं. मीच.

पहिल्यांदा झालं ते वर्गात. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, तिनं भिंतीवर प्लॅन लावला होता, एका छोट्या दवाखान्याचा. तुला माहीत आहे मी कशी शिकवते. प्लॅन नुसता बघायचा नाही, त्यात शिरायचं. बोट दारावर ठेवायचं, आत जायचं, वळायचं, उजेड कुठून येतो ते बघायचं. जन्मभर हेच केलं. त्या दिवशी बोट दारावर ठेवलं आणि आत काही नव्हतंच रे. रेघा दिसत होत्या. काळ्या, बारीक, नीट मारलेल्या रेघा. खोली कुठेही नव्हती. वर्ग मागे उभा, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

मी म्हणाले, "आज मी बोलणार नाही. तूच मला आत घेऊन चल."

ती बिचारी बोलत गेली, घाबरत घाबरत, आणि बोलता बोलता तिची तिलाच चूक सापडली. आता विभागात गवगवा झालाय की मॅडमनी शिकवायची नवी पद्धत काढली. विभागप्रमुख म्हणतो, यावर लेख लिहा. घ्या! मी मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ किती दिवस झाकून ठेवू? मला भीती वाटते. दिवसाढवळ्या, चहा पिताना, वर्गात हजेरी घेताना वाटते. कुणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळच बोलते आहे.

ताई

२७ फेब्रुवारी

ठोंब्या,

(बघ, जुनं नाव आलंच तोंडात.)

तू सांगितलंस म्हणून डॉक्टरांकडे गेले. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, कारण मनातून मला चष्म्याचाच नंबर हवा होता. ते म्हणाले, या वयात इतके चांगले डोळे मी कमी बघितलेत. इतकं वाईट वाटलं मला. मग दुसरे, मेंदूचे. तरुण आहेत, मऊ बोलतात. आजची तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले, गोष्ट सांगून परत म्हणायला लावली. सगळ्यात पैकीच्या पैकी. मी जरा फुशारलेच होते.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर एक खोकं काढलेलं होतं. साधा घन, पोरं वहीच्या मागच्या पानावर काढतात तसा. म्हणाले, "याच्या शेजारी असाच काढा."

पहिल्या वर्षाला पहिल्या दिवशी मी हेच काढायला देते. पेन्सिल हातात घेतली. हात स्थिर होता, रेघ अशी सुरेख आली की फ्रेम करून लावावी. पण ती रेघ दुसऱ्या रेघेला कुठे मिळवायची तेच कळेना. एकदा काढलं, खोडलं, परत काढलं. शेवटी कागदावर उरलं ते खोकं नव्हतं, विस्कटलेलं काहीतरी होतं. मीच म्हणाले, "या विद्यार्थ्याला मी नापास केलं असतं."

ते हसले नाहीत. म्हणाले, आणखी तपासण्या लागतील, घरच्या कुणाला तरी घेऊन या. आणि विचारलं, तुमच्या कामात लोकांच्या जिवाची जबाबदारी असते का?

मी म्हणाले, "छे, मी शिकवते."

खोटं बोलले. त्या तपासण्यांना गेलेलेही नाही. ओरडू नकोस.

ओरडायचंच असेल तर पुढचं वाचून ओरड. माझा एक जुना खेळ आहे, आपलं फाटल्यानंतर सुरू केलेला. दरवर्षी एकदा मी वर्गाला ओळखीच्या एखाद्या इमारतीचा उलटा नकाशा वाटते. आरशात दिसावा तसा, डावं ते उजवं. अक्षरं मात्र सुलटी लिहिलेली, म्हणजे चटकन कळत नाही. कुणाला काही सांगायचं नाही, कुणी विचारलंच तर गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, खेळबीळ काही नाही. ज्याच्या लक्षात येईल तो हात वर करतो, आणि त्याला मी वर्षभर मान देते. विद्यार्थी हे आयुष्यभर विसरत नाहीत. लग्नात भेटले तरी सांगतात, "मॅडम, आमच्या वर्षी मी पकडला होता उलटा नकाशा!"

या वर्षीही वाटायचा होता. सुलटी प्रत आणि उलटी प्रत टेबलावर शेजारी ठेवल्या, आणि कुठली कुठली ते मला ओळखता येईना. मीच काढलेल्या! या वर्षी खेळ रद्द केला. मुलांना सांगितलं, तुम्ही फार हुशार आहात, तुम्हाला गरज नाही.

खरी भीती अजून लिहिलेलीच नाही. कागदावर आली की खरी होईल असं वाटतं.

ताई

४ मार्च

ठोंब्या,

लिहिते.

वसतिगृहाच्या त्या हॉलला चौकाकडे मोठं दार हवं होतं, म्हणून कडेचा एक कॉलम वगळायचा ठरला. हॉलची दोन टोकं अगदी सारखी दिसतात. फरक एवढाच की एका टोकावर पुढे नुसतं व्हरांड्याचं छप्पर येणार आहे, आणि दुसऱ्या टोकावर, तीन मजले चढून गच्चीवर, पाण्याची टाकी. वगळायचा तो छपराखालचा. टाकीखालचा ठेवायचाच ठेवायचा. हे नर्सरीतल्या पोरालाही कळेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तसा हिशेबही केला. पण त्याचा नवा नकाशा साइटवर पोचायला उशीर होता, आणि साइट इंजिनिअर खोळंबला होता. त्यानं मला विचारलं, "मॅडम, यातला कुठला सोडायचा?"

माझ्या हातात ट्रेसिंग होतं, आरपार दिसणाऱ्या कागदावरचा नकाशा. अक्षरं सुलटी दिसत होती, म्हणजे कागद सुलटा आहे एवढं मला कळत होतं. पण कागदावरचं डावं म्हणजे समोरच्या जमिनीवरचं कुठलं, तिथे माझी गाडी अडली. कागद फिरवला. फिरवला की सगळं बदलायचं. तो वाट बघत होता. चार मजूर वाट बघत होते. मी बोट दाखवलं.

"तो."

"ठीक आहे मॅडम," म्हणाला आणि गेला. एवढंच झालं. हे खोक्याच्या आधीचं आहे, जानेवारीतलं. तुला पहिलं पत्र लिहिलं ते यासाठी, आईच्या आठवणीसाठी नव्हे. आता कळलं असेल.

बाकीचे कॉलम उभे राहिले आहेत, तो एक नाही. वर फळ्या ठोकून झाल्या, सळया बांधून होत आल्या. पुढच्या आठवड्यात स्लॅब पडतोय. आपल्या धंद्यातली ही बोली बघ कशी आहे. स्लॅब ओतला तरी म्हणायचं स्लॅब पडला, आणि कोसळला तरी म्हणायचं स्लॅब पडला. आयुष्यभर सहज म्हणत आले. काल साइट इंजिनिअर फोनवर उत्साहानं म्हणाला, "मॅडम, बुधवारी आपला स्लॅब पडणार!" आणि मी तिथेच स्टुलावर बसले.

तू म्हणशील, त्यात काय, जाऊन तपास. तीनदा जाऊन आले. हातात नकाशा घेऊन हॉलच्या मधोमध उभी राहते, लोक लांबून बघतात, मॅडम किती बारकाईनं बघतात म्हणतात. मला काहीही कळत नाही. कदाचित बरोबर असेल. कदाचित टाकी हवेवर उभी राहील, आणि खाली दीडशे मुली जेवत असतील. टाकी अजून बांधलीच नाही, त्यामुळे वर बघून कुणाला काही दिसणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर येतो तो सळया मोजायला. कॉलम मॅडमनी स्वतः दाखवलाय म्हटल्यावर तो कशाला तपासेल?

कुणाला तरी तपासायला सांगितलं की झालं, हे मलाही कळतं. पण विचारतील, मॅडम, तुम्हीच बघा ना. मग मी काय सांगू? ज्या दिवशी हे बाहेर पडेल त्या दिवसापासून मी आई. मला स्वेटर घालून देतील. माझ्या वाक्याच्या मधेच एकमेकांकडे बघतील.

काय करू ते सांग. पहिल्यांदाच विचारते आहे तुला.

ताई

१४ मार्च

ठोंब्या,

"सांगून टाक, ताई, आजच." एवढ्यासाठी तार करावी तसं पत्र पाठवलंस. तुझं काय जातंय सांगायला! पण रात्रभर उशाशी ठेवलं ते.

सांगितलं. स्लॅबच्या आदल्या दिवशी सकाळी साइटवर गेले. साइट इंजिनिअर होता, स्ट्रक्चरल इंजिनिअर सळया बघायला आला होता, विभागप्रमुख विद्यापीठाच्या लोकांना घेऊन फोटो काढायला आला होता. सगळे एकत्र मिळाले. शिडीचा दांडा धरून उभी राहिले आणि म्हणाले, "उद्याचं काम थांबवा. वगळलेला कॉलम बरोबर आहे की चूक, मला माहीत नाही. मला नकाशा वाचता येत नाही. उलटा की सुलटा तेच कळत नाही."

सगळे वगळलेल्या कॉलमच्या जागेकडे वळून बघायला लागले. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरचा चेहरा उजळला.

"आलं लक्षात!" तो म्हणाला. "उलटा नकाशा! मॅडम, अहो आम्ही आता पोरंबाळंवाले झालो, आणि तुम्ही अजून परीक्षा घेताय?"

सगळे हसले. विभागप्रमुखानं विद्यापीठाच्या लोकांना खेळ समजावून सांगितला. मी म्हणत होते, अरे, खेळ नाही, खरंच नाही. ते म्हणाले, दरवर्षी तुम्ही असंच म्हणायचात! आणि खरं आहे, असंच म्हणायचे मी. चेहरा गंभीर ठेवून. फार चांगला ठेवायचे.

स्ट्रक्चरल इंजिनिअरनं गाडीतून आपला नकाशा आणला, जमिनीवर पसरला, टेप लावला, टाकीची जागा काढली, परत मोजली. मी डोळे मिटून उभी होते. त्याचे बूट वाळूत फिरतायत तेवढं ऐकू येत होतं.

"छपराखालचाच सोडलाय. टाकीखालचा जागेवर आहे. पास का मॅडम?"

बरोबर होतं, ठोंब्या. बोट बरोबर कॉलमवर गेलं होतं.

मला रडू आलं. त्यांना वाटलं, कौतुकानं आलं. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी पाणी. बुधवारी स्लॅब झाला. सरळ, छान झाला.

सुटले, असं वाटायला हवं ना? पहिल्या दिवशी वाटलं. कालपासून वेगळंच डोक्यात घोळतंय. बरोबर होतं हेही मला कळलं नव्हतं. छापाकाटा केला असता तरी तेवढंच बरोबर आलं असतं. मी ओरडून सांगितलं, पण त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. आता परत कसं सांगू? लांडगा आला रे आला म्हणणारी मीच होते, दरवर्षी, हौसेनं.

ताई

२० मार्च

ठोंब्या,

हे पत्र नीट बसून वाच.

काल दुपारी ते दोघं घरी आले, साइट इंजिनिअर आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर. पेढ्यासारखी गोड तोंडं करून आले होते. वरच्या मजल्यांचे बदल घेऊन आले होते, जिना पलटवलाय, टाकीखालची तुळई बदललीये. टेबलावर कागद पसरले. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तुमची नजर फिरली की आम्ही निर्धास्त."

मी ठरवलं होतं की आता सगळं सांगायचं. डॉक्टर, खोकं, आई, सगळं. वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं, आणि त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. कसं सांगू तुला? मी अजून पूर्ण आहे, तसं बघितलं त्यांनी. गेले दोन महिने मी आरशात स्वतःकडे तसं बघू शकले नाही. त्या नजरेत थोडा वेळ बसावंसं वाटलं. कुणी ऊन पडलेल्या जागी बसतं तशी बसले.

मग मी काय केलं, तर नेहमीसारखं कागदावर वाकून बघितलं. बोट फिरवलं. "चढ इकडून का घेतला?" असं विचारलं, कारण हा प्रश्न कुठल्याही जिन्याला चालतो. त्यानं सांगितलं. मी "हं" केलं. आणि सही केली.

तिन्ही कागदांवर. सही अजून फार सुरेख येते माझी.

ते चहा पिऊन गेले. मी टेबलाशी बसून राहिले. कॉलमच्या वेळी निदान मला माहीत नव्हतं मी काय करते आहे. काल माहीत होतं. तरी केलं. आणि उद्या कागद आणले तर परत करेन. आजाराची भीती मला आता दुसऱ्या नंबरावर वाटते. पहिल्या नंबरावर माझीच वाटते.

काम वर चढतंय. टाकीचा मजला यायला अजून अवधी आहे, फार नाही. त्यांना कुणीतरी थांबवायला हवं आणि ते माझं ऐकणार नाहीत, मी बरी असल्यासारखं बोलले तर नाहीच, आणि खरं बोलले तरी नाही. विद्यापीठाला लिही. विभागप्रमुखाला फोन कर. त्या मऊ बोलणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता या कागदामागे लिहिला आहे. त्यांनी घरच्या माणसाला आणायला सांगितलं होतं, आणि घरचं म्हणावं असं माणूस मला तू एकच आहेस. तिकीट काढ आणि ये. आल्यावर त्या सगळ्यांसमोर म्हण, की हिला दिसत नाही, हिच्या सहीचे कागद परत घ्या.

एक सांगून ठेवते. तू येशील तोवर माझी भीती ओसरलेली असेल. मी दारात हसत उभी असेन. म्हणेन, तू उगाच आलास, थकवा होता, आता बरी आहे. जिन्याचं भांडण उकरून काढेन. तू तेव्हा कसा चुकला होतास ते नकाशा काढून पटवून देईन, आणि तुला पटेल. मी किती छान पटवून देते ते तुला माहीत आहे. चार लोकांसमोर तुझा अपमान करेन, बॅग बाहेर ठेवेन.

माझं एक अक्षरही ऐकू नकोस.

ताई